गादीमास्तरांचा हेडफोन

गादीमास्तरांना मास्तर का म्हणतात, असं कोणी विचारलं तर ते स्वतःच सांगत, की माणसाच्या बुडाखाली काय असावं एवढी एकच विद्या आपल्याला आली, आणि गल्लीत दुसरा कोणी ती शिकायला तयार नसल्यामुळे आपण मास्तर ठरलो. सोफे, मोटारींच्या सीटा, दवाखान्यातली बाकं, न्हाव्यांच्या खुर्च्या, जे काही फाटलेलं, खचलेलं किंवा बोचणारं असेल ते त्यांच्या दुकानात यायचं आणि नवं रेक्झिन लेऊन बाहेर पडायचं. त्यांच्या स्वतःच्या घरातल्या खुर्च्या मात्र अशा होत्या, की पाहुणे दहा मिनिटांत उठून काहीतरी काम आठवल्याचं सांगत. त्या दुरुस्त करायचं मास्तरांच्या डोक्यात लग्न झाल्यापासून होतं.

मास्तरांची सगळी अक्कल त्यांच्या उजव्या अंगठ्यात होती. फोम चांगला की वाईट हे ते अंगठा दाबून ठरवत: किती आत जातो, किती वेळाने वर येतो, खाली लाकूड लागतं का. सवय इतकी हाडीमासी भिनलेली, की पाव घेतानाही अंगठा दाबून बघायचे आणि बेकरीवाल्याची बोलणी खायचे. मास्तरीणबाई पोस्टात खिडकीवर बसत. त्या म्हणत, की आपल्याला बघायला आले तेव्हा या माणसाने चेहऱ्यापेक्षा जास्त वेळ बैठकीतल्या गादीकडे बघितलं होतं. मास्तर हे नाकारत नसत. गादी खरंच चांगली होती, एवढंच म्हणत.

त्यांना एकच मुलगी. ती दुसऱ्या शहरात राहायची, दिवसा पाण्याच्या मीटरांच्या कचेरीत काम करायची आणि संध्याकाळी एका लहानशा वाद्यवृंदात डबल बास वाजवायची. डबल बास म्हणजे व्हायोलिनचाच थोरला भाऊ, पण माणसापेक्षा उंच, उभ्याने वाजवायचा, आणि आवाज इतका खालचा की कानाआधी पोटाला कळावा. वृंदात व्हायोलिनं बरीच होती, बासऱ्या होत्या, चेलो म्हणजे बसून वाजवायचे मधले भाऊही होते, डबल बास मात्र तेवढा एकच. तो सगळ्यात मागे, पडद्याला चिकटून उभा.

मास्तर एकदाच तिच्या कार्यक्रमाला गेले होते. सभागृह नवंकोरं होतं आणि खुर्च्या मखमली. मास्तरांनी बसल्याबसल्या हाताने सीटची खालची बाजू चाचपली, शिवण कुठे घेतलीय ते शोधलं, आणि त्या शोधात पहिला तुकडा संपला. दुसऱ्या तुकड्यात त्यांनी पुढच्या रांगेतल्या पाठींचा अभ्यास केला. कार्यक्रमानंतर मुलीने घाम पुसत विचारलं, की कसं वाटलं. मास्तर म्हणाले, की पाठीचा उतार झकास आहे, पण फोम दोन वर्षांत बसणार. मुलगी तेव्हा खूप हसली होती. मास्तरांनी हा किस्सा नंतर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितला आणि प्रत्येक वेळी स्वतःचं हसं करून घेतलं.

त्यानंतर मुलीने एका कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग, तिच्या जुन्या, काडेपेटीएवढ्या प्लेअरमध्ये भरून, घरी ठेवून दिलं. येताजाता ऐका, म्हणाली. सोबत कानात खुपसायच्या दोन बारीक गोळ्या होत्या. मास्तरांचे कान मोठे, भोकं त्याहून मोठी. गोळ्या खिळा ठोकताना मान हलली की गळून भुशात पडत. जे काही ऐकू आलं ते व्हायोलिनं आणि बासऱ्या. तरी दर फोनवर मास्तर सांगत, “तुझं ऐकलं हो. फार छान.” खोटं बोलतोय असं त्यांना वाटतही नसे. पोरीचं आहे म्हणजे छानच असणार, त्यात ऐकायचं काय?

मग एक दिवस मुलीचा फोन आला. आवाज शांत होता, आणि तोच मास्तरांना बरा वाटला नाही. ती म्हणाली, की वृंद सोडायचा विचार आहे. मागच्या कार्यक्रमाला तिला ताप होता, ती गेलीच नव्हती. कळवायला सांगितलेल्या माणसाने कळवलं नाही. आणि पुढच्या तालमीला वृंदाचे संचालक तिच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, त्या दिवशी छान वाजवलंस.

“मी नव्हते, बाबा,” ती म्हणाली. “माझी जागा रिकामी होती आणि कोणाला कळलंसुद्धा नाही. मग मी ते धूड खांद्यावर घेऊन बसमधून कशाला हिंडू?”

मास्तरांना वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की त्यांच्या तोंडून काहीतरी ठोकून दिलं जाई. ते म्हणाले, “मला कळतं. तू वाजवतेस ते मला ऐकू येतं.”

ती म्हणाली, की पुढच्या आठवड्यात सुट्टीला येतेय, तेव्हा सांग काय ऐकू येतं ते, आणि मग मी ठरवते.

फोन ठेवल्यावर मास्तरांनी लगेच प्लेअर काढला, गोळ्या कानात दाबून धरल्या, डोळे मिटले, श्वास रोखला. व्हायोलिनं, बासऱ्या, मधूनच कोणीतरी खोकलं. खोकणारा स्पष्ट ऐकू येत होता. मुलगी नव्हती.

मास्तरीणबाई म्हणाल्या, की त्या गोळ्यांनी काही व्हायचं नाही, नीट कान झाकणारा हेडफोन आणा. मास्तर दुकान अर्ध्या दिवसातच बंद करून बाजारात गेले.

हेडफोनच्या दुकानात एक मुलगी होती, केस बारीक कापलेली, बोलणं मोजकं. मास्तरांनी तिला डबल बास सांगितला. तिने न हसता ऐकून घेतलं आणि तीन हेडफोन समोर ठेवले. एक कानावर नुसता टेकणारा. दुसरा अख्खा कान आत घेणारा, त्याच्या गाद्या मऊशार आणि चकचकीत. तिसराही कान झाकणाराच, पण दिसायला अगदीच वेंधळा, काळा, गाद्या घट्ट आणि सुरकुत्या पडलेल्या. तिने तिसरा पुढे सरकवला. हा तासभर घातला तरी डोकं आवळत नाही, म्हणाली, आणि गादी कानाभोवती नीट बसते म्हणून खालचे आवाज आतच राहतात.

मास्तरांनी अंगठा पुढे केला. तिसऱ्याच्या गादीत तो जेमतेम रुतला. दुसऱ्याच्या गादीत मात्र असा आत गेला, की मास्तरांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

“आधी ऐका,” ती म्हणाली. “मग दाबा.”

पण गादीच्या बाबतीत दुसऱ्याचं ऐकणं मास्तरांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी तिलाच फोमवर व्याख्यान दिलं. दाट फोम कुठे, हलका कुठे, रेक्झिन आणि कातडं यांतला फरक, सगळं काउंटरला रेलून समजावलं. मागे दोन गिऱ्हाईकं खोळंबली. तिने मध्ये एकदा वेंधळा हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवलाही, पण मास्तर तेव्हा बोलत होते आणि स्वतःच्या आवाजाखेरीज त्यांना काही ऐकू आलं नाही. शेवटी ते मऊशार गाद्यांचा हेडफोन घेऊन बाहेर पडले. जगातला हा पहिलाच माणूस असेल, ते पुढे सांगत, ज्याने कानाला लावायची वस्तू अंगठ्याने पसंत केली.

मऊ गाद्यांनी दोन दिवसांत मान टाकली. फोम इतका हलका की दाबून पापड झाला, आणि आतलं प्लास्टिक कानाच्या पाळीला टोचायला लागलं. आवाज तर गोळ्यांपेक्षा थोडाच बरा. दुसरा कोणी असता तर हात जोडून त्या दुकानात परत गेला असता. मास्तरांना मात्र आनंद झाला, कारण आता गोष्ट त्यांच्या हातातली झाली होती.

त्यांनी हेडफोनच्या गाद्या उसवल्या. न्हाव्यांच्या खुर्च्यांच्या डोकं टेकायच्या उशीसाठी आणलेला उंची फोम घेतला, वर्तुळं कापली, आतल्या बाजूने मखमल लावली, बाहेरून तपकिरी रेक्झिन, कडेला बारीक गोट. दुकानाबाहेर गाडी घेऊन आलेलं गिऱ्हाईक हॉर्न वाजवत होतं आणि मास्तर चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून वाकड्या सुईने टाके घालत होते. आणि सगळ्यात शेवटी, सीट करताना ते नेहमी जे करत, तेच त्यांनी इथेही केलं. रेक्झिनच्या सीटला खालच्या कडेला हवा जायला लहान भोकं ठेवावी लागतात, नाहीतर माणूस बसला की आतली हवा कोंडते आणि शिवण फाटते. मास्तरांनी दोन्ही गाद्यांच्या कडेला पितळी कड्यांची सुबक भोकं पाडली. हेडफोन घरी आल्यावर मास्तरीणबाईंनी तो हातात फिरवून बघितला आणि विचारलं, की यात बसणार कोण आहे.

बसायला झकास होता. कान असे विसावले की मास्तरांना झोपच आली. पण ऐकू काय आलं? व्हायोलिनं. पूर्वीपेक्षाही किरटी, जणू कोणी दुधाच्या पातेल्यात चमचा खरवडतंय. खालचं काहीच नाही. मास्तरांनी आवाज वाढवला, खोली बदलली, डावीकडचा कान उजवीकडे केला. मुलीचा पत्ता नव्हता.

आता दोष गाद्यांमध्ये असू शकतो, हे मास्तरांच्या मनात आलंच नाही. गाद्या त्यांनी स्वतः केल्या होत्या. म्हणजे दोष उरला तो कानांत. इतकी वर्षं खिळे मारायची हवेची बंदूक आणि शेजारी धडधडणारा कॉम्प्रेसर, कान गेले नसते तरच नवल. मास्तर घाबरले, पण त्या भीतीत थोडा आरामही होता. कान गेले असतील तर मुलीला तसं सांगता येईल. बाप बहिरा आहे, पोरी, तुझ्यात काही कमी नाही.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना एका बंद खोलीत बसवलं आणि बारीकमोठे आवाज ऐकवले. तिथली खुर्ची फारच वाईट होती, पण या वेळी मास्तर गप्प बसले. तपासणी झाल्यावर बाई म्हणाल्या, की वरचे सूर बरेच गेलेत, पाखरांचा आवाज वगैरे येत नसेल. मास्तर चकित झाले. अलीकडे चिमण्या कमी झाल्यात असं ते सगळ्यांना सांगत होते.

“पण खालचे आवाज तुम्हाला पोरासोरांसारखे येतात,” बाई म्हणाल्या. “ते कान खणखणीत आहेत.”

बाईंना वाटलं, चांगली बातमी दिली. मास्तर पायऱ्या उतरले आणि खाली कट्ट्यावर बसून राहिले. कान शाबूत होते. हेडफोन डोक्याला छान बसला होता. मग उरलं काय? मुलगी म्हणत होती तेच खरं असणार. ती वाजवत होती आणि ते कुठेच पोचत नव्हतं, अगदी बापाच्या खणखणीत कानांपर्यंतसुद्धा नाही. मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदा एवढं वाईट वाटलं आणि त्यावर ठोकून द्यायला तोंडात एकही वाक्य नव्हतं.

मुलगी यायच्या आदल्या दिवशी ते दुपारी खिडकीशी हेडफोन घालून बसले होते. ऐकत होते असं नाही, नुसतेच शिक्षा भोगल्यासारखे बसले होते. मास्तरीणबाईंनी गॅसवर दूध ठेवलं होतं आणि त्या अंगणात कपडे काढायला चालल्या होत्या. दुधाकडे बघा, असं त्यांनी तीनदा सांगितलं. नवरा ढिम्म. शेवटी त्या मागून आल्या आणि वैतागून त्यांनी दोन्ही हातांनी नवऱ्याचं डोकं धरलं, हेडफोनसकट, आणि स्वयंपाकघराकडे वळवलं.

मास्तरांच्या पोटात काहीतरी हललं.

खोल, संथ, जाड असा एक आवाज व्हायोलिनांच्या खालून निघाला आणि त्यांना अंगावर घेऊन चालू लागला. जिथे आतापर्यंत नुसती किरकिर होती तिथे जमीन आली. मास्तरांना वाटलं आपण बसलेली खुर्ची गुणगुणतेय. मास्तरीणबाईंनी हात काढले आणि आवाज गेला.

“हात ठेव,” मास्तर ओरडले. “काढू नकोस.”

“दूध जाईल.”

“जाऊ दे.”

लग्नानंतर पहिल्यांदाच नवऱ्याने आपले हात इतक्या आग्रहाने मागितले, म्हणून असेल किंवा त्यांचा चेहरा बघून असेल, मास्तरीणबाईंनी परत हात ठेवले. त्यांचे तळवे गाद्यांच्या कडेवर घट्ट बसले होते आणि मुलगी वाजवत होती. दूध उतू गेलं, शेगडीवर चरचरलं, गॅस विझला. मास्तरीणबाई एक हात काढून बटण बंद करायला गेल्या, तर मुलगी अर्धी झाली. त्या परत आल्या तशी पुरी झाली. तेव्हा कुठे मास्तरांना त्या तळव्यांखाली काय आहे ते आठवलं. पितळी कड्यांची सुबक भोकं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला, तो नेमका बायकोच्या बोटांवर बसला.

सीटमधली हवा जायला वाट ठेवली, आणि त्या वाटेने पोरीचा आवाज रोज त्यांच्या डोळ्यांदेखत निघून जात होता. दुकानातल्या मुलीने हेच तर सांगितलं होतं, पण तेव्हा मास्तर तिला फोम शिकवत होते.

भोकं बुजवायला एवढासा वेळ लागला. मग मास्तर ऐकायलाच बसले. पहिल्यांदा नुसते ऐकले. मग पुन्हा. आता एकदा ती सापडल्यावर ती कुठेच लपत नव्हती. ती गप्प झाली की सगळं अधांतरी व्हायचं आणि आली की पाय टेकायचे. आणि ऐकता ऐकता त्यांना आणखी एक गोष्ट सापडली. दुसऱ्या तुकड्यात एके ठिकाणी सगळे एकदम थांबत. अगदी शांत. मग सगळ्यांनी मिळून परत सुरू करायचं. तिथे मुलगी एकटीच किंचित आधी येत होती. एक जाडसर सूर, पापणी लवते तेवढा आधी. मास्तरांनी ते परत परत लावून बघितलं. शंकाच नव्हती. पोरगी चुकली होती.

त्यांनी हे बायकोला सांगितलं. मास्तरीणबाई म्हणाल्या, की खबरदार. ती आधीच खचलीय. उद्या फक्त चांगलं बोला, आणि खुर्च्यांचा विषय काढू नका. मास्तरांना ते पटलं. त्यांनी कानाला खडा लावला.

मुलगी आली. जेवण झालं, इकडचं तिकडचं झालं, आणि मग ती स्वयंपाकघरातल्या त्या डुगडुगणाऱ्या खुर्चीवर बापासमोर बसली. म्हणाली, की मीटरच्या कचेरीत संध्याकाळचंही काम मिळतंय, ते घेणार आहे. मास्तर म्हणाले, की तुझं वाजवणं फार सुंदर आहे. ती म्हणाली, हो. ते म्हणाले, की अगदी भरदार आहे. ती हसली, पण पूर्वीसारखं नाही. भरदार हा शब्द मास्तर सोफ्यासाठी वापरतात, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

“बाबा, तू चांगला आहेस,” ती म्हणाली. “पण तुला काही ऐकू आलेलं नाही. असू दे.”

मास्तरांनी बायकोकडे बघितलं. बायकोने डोळे मोठे केले. मास्तरांनी काहीतरी गोड शोधायचा खरंच प्रयत्न केला. जन्मभर जी वाक्यं मागायच्या आत तोंडात येत, त्यातलं एकही आलं नाही.

“दुसऱ्या तुकड्यात,” ते म्हणाले, “सगळे थांबतात बघ. तिथे तू आधी आलीस.”

मास्तरीणबाईंनी हातातली ताटली ओट्यावर आपटलीच. मुलगी हलली नाही. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, आणि मास्तरांना वाटलं, झालं, होतं नव्हतं ते सगळं बुडवलं आपण.

“तुला ते कळलं?”

“किंचितच होतं गं. पापणी लवते एवढं. कोणाच्या लक्षातही—”

“नाहीच आलं,” ती म्हणाली. “संचालकांच्या नाही. माझ्या शेजारी चेलो वाजवतो त्याच्याही नाही. त्या दिवशी मी बस येईपर्यंत थांबले होते, कोणीतरी ओरडेल म्हणून. घरी जाऊन रडले, बाबा. चुकले म्हणून नाही. कोणी काही बोललंच नाही म्हणून.”

तिने नाक पुसलं. मग खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि किती आधी आले ते वाजवून दाखव, म्हणाली. मास्तरांनी टेबलावर बोटाने ठोकून दाखवलं. ती म्हणाली, एवढं नव्हतं. मास्तर म्हणाले, एवढंच होतं. तिने तिचं ठोकून दाखवलं. मास्तरांनी मान हलवली आणि परत आपलं ठोकलं. मास्तरीणबाईंना आधी कळेना, की हे दोघं भांडतायत का काय, आणि मग कळलं तेव्हा त्यांनी मध्ये पडायचा विचार सोडून दिला.

“बरं, एवढं तर एवढं,” शेवटी मुलगी म्हणाली. “पुढच्या वेळी बरोबर येईन.”

पुढच्या वेळी. मास्तरांनी ते शब्द मनातल्या मनात पुन्हा म्हणून बघितले. मोठ्याने काही विचारायची त्यांची हिंमत झाली नाही, कारण आपण तोंड उघडलं की काय होतं, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.